मालाडचा जर्मन कॅमेरामन

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधले सात-आठ महिने कसे गेले ते घरच्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांना पुढे कळेलच. "बाई, लिहीत राहा" असे निरोप पाठवणाऱ्या सर्वांचे मनापासून आभार.

आजचा विषय खरं तर माझा नाही, ह्यांचा. आमचं लग्न १९७२ च्या मे महिन्यातलं. लग्नानंतर दोघांनी मिळून पाहिलेला पहिला सिनेमा म्हणजे 'पाकीजा'. बोरिवलीहून गाडीने बॉम्बे सेंट्रलला उतरून समोरच्या मराठा मंदिरला गेलो. फेब्रुवारीत तिथेच त्याचा पहिला खेळ झाला होता आणि मार्चअखेर मीनाकुमारी गेली, त्यामुळे बायका रुमाल घेऊनच येत होत्या. मीही त्यातलीच. पण सुरुवातीला टायटल्स चालू असताना हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "कॅमेरामन जर्मन आहे. आपल्या मालाडला असायचा." नव्या नवरीला नवऱ्याने पहिल्या सिनेमात सांगावी अशी ही गोष्ट आहे का, सांगा! मी नुसती मान हलवली. पुढे बावन्न वर्षं संसार झाला, पण तो जर्मन कोण, मालाडला काय करत होता, हे मी कधी विचारलं नाही. मी इतिहासाची शिक्षिका, तीही मालाडच्याच शाळेत. दुसरं महायुद्ध तीस वर्षं शिकवलं. असो.

त्या माणसाचं नाव योसेफ विर्शिंग. आपल्याकडे जोसेफ वर्शिंग, वर्सिंग असं काहीही म्हणतात. जन्म २२ मार्च १९०३, जर्मनीतल्या म्युनिकचा. म्युनिकला तेव्हा एमेल्का नावाची मोठी चित्रपट कंपनी होती. हिचकॉकचं नाव तुम्ही ऐकलं असेल, त्या इंग्रज दिग्दर्शकाचा 'द प्लेझर गार्डन' हा पहिला पूर्ण चित्रपट १९२५ मध्ये याच एमेल्काच्या स्टुडिओत तयार झाला. विर्शिंग तिथे उमेदवारी करत होते. त्याच सुमाराला हिमांशू राय नावाचा एक बंगाली तरुण म्युनिकला पोचला. गौतम बुद्धाच्या चरित्रावर सिनेमा काढायचा त्याचा बेत होता. ठरलं असं, की पैसा आणि नट हिंदुस्थानातले, दिग्दर्शक, कॅमेरे आणि कॅमेरामन म्युनिकचे. तो चित्रपट म्हणजे 'द लाइट ऑफ एशिया', आपल्याकडचं नाव 'प्रेम संन्यास'. फ्रान्झ ओस्टेन हे दिग्दर्शक आणि कॅमेऱ्याच्या चमूत बावीस वर्षांचे विर्शिंग. १९२५ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर ही मंडळी मुंबईत उतरली. जयपूरच्या महाराजांनी हत्ती-घोडे दिले, कपडेलत्ते दिले. म्युनिकच्या थंडीतून आलेल्या पोराने राजस्थानच्या उन्हात हाताने फिरवायचा कॅमेरा कसा चालवला असेल, देव जाणे. पण ते ऊन त्याला मानवलं असावं, कारण तो परत आला.

परत आला तो नऊ-दहा वर्षांनी, आणि थेट मालाडला.

हिमांशू राय आणि त्यांची पत्नी देविकाराणी यांनी १९३४ मध्ये बॉम्बे टॉकीज काढली. ही रीतसर लिमिटेड कंपनी होती. संचालक मंडळावर सर चिमणलाल सेटलवाड, सर कावसजी जहांगीर अशी वजनदार माणसं. मालाडला एफ. ई. दिनशा यांचा बंगला आणि भोवतालची मोठी जागा होती, तिथे स्टुडिओ उभा राहिला. आजचं मालाड डोळ्यासमोर आणू नका. मालाड मुंबई महापालिकेच्या हद्दीत आलं १९५७ साली. तेव्हा ते उपनगर जिल्ह्यातलं गावच, फक्त बोरिवलीपर्यंत विजेची गाडी १९२८ मध्ये सुरू झालेली होती म्हणून जाणं-येणं सोपं. मुंबईतले लोक हवापालट करायला मालाडला जात, असं आमच्या सासूबाई सांगत. आता आम्ही हवापालट करायला कुठे जातो ते विचारू नका.

राय यांनी जर्मनीतून पाच-सहा माणसं बोलावली. दिग्दर्शनाला ओस्टेन, कॅमेऱ्याला विर्शिंग, रसायनशाळेला, म्हणजे फिल्म धुण्याच्या विभागाला, विल्हेल्म झोले, नेपथ्याला कार्ल फॉन श्प्रेटी. हे श्प्रेटी उमराव घराण्यातले. इथे 'अछूत कन्या'च्या काळात गावाचे, घरांचे देखावे उभारणारा हा माणूस पुढे पश्चिम जर्मनीचा राजदूत झाला आणि १९७० मध्ये ग्वाटेमालात बंडखोरांनी त्याचं अपहरण करून त्याला ठार मारलं. ही बातमी तेव्हा पेपरात आली असणार आणि मी वाचलीही असेन, पण हा माणूस मालाडला राहून गेला हे कोणाच्या लक्षात होतं?

ओस्टेन यांना हिंदी येत नव्हतं. विर्शिंगही मालाडला उतरले तेव्हा जर्मनच बोलणारे. आणि यांनी चित्रपट काढले हिंदी. १९३५ चा 'जवानी की हवा', मग १९३६ मध्ये 'अछूत कन्या', 'जीवन नैया', 'जन्मभूमी', पुढे 'सावित्री', 'भाभी', 'दुर्गा', 'कंगन'. साधारण चार वर्षांत पंधराएक चित्रपट. सगळ्यांचा कॅमेरा विर्शिंग यांचा. त्या स्टुडिओत नावं बदलण्याची मोठी चाल होती. खांडव्याच्या कुमुदलाल गांगुलीचा अशोककुमार झाला. तो मुळात नट व्हायला आला नव्हता, रसायनशाळेत मदतनीस होता. संगीत देणाऱ्या खुर्शीद मिनोचर-होमजी या पारशी बाई. घरच्या मुली सिनेमात जातात म्हणून पारशी समाजात गदारोळ झाला तेव्हा त्यांचं नाव सरस्वतीदेवी झालं. विर्शिंग यांचं नाव बदलायची कुणाला गरज वाटली नाही. कॅमेऱ्यामागच्या माणसाचं नाव काय, कोण विचारणार!

'अछूत कन्या' मी पूर्वी दूरदर्शनवर पाहिला होता. या उन्हाळ्यात नातीबरोबर पुन्हा पाहिला. रेल्वे फाटकावरच्या हरिजन पहारेकऱ्याची मुलगी कस्तुरी आणि वाण्याचं दुकान चालवणाऱ्या ब्राह्मणाचा मुलगा प्रताप यांची ती गोष्ट. नात म्हणाली, "आजी, किती हळू बोलतात!" ते खरंच आहे. गाणीही नट स्वतःच म्हणतात, अशोककुमारचा आवाज तर परीक्षेला बसलेल्या मुलासारखा आहे. मी या वेळी माणसांकडे न बघता उजेडाकडे बघायचं ठरवलं होतं. आणि मग तो सिनेमा मला वेगळाच दिसला. चेहऱ्यावर समोरून दिवा मारला की चेहरा ताटासारखा सपाट दिसतो. तसं इथे नाही. एका बाजूने मोठा दिवा, दुसऱ्या बाजूने सावली मऊ करायला कमी जोराचा, आणि मागून केसांच्या कडेवर हलकेच लागणारा तिसरा. त्यामुळे देविकाराणीचं डोकं मागच्या काळोखातून सुटून पुढे येतं, केसांभोवती बारीक उजळ रेघ दिसते. गाव म्हणजे सगळा देखावाच आहे, पुठ्ठ्याचा आणि लाकडाचा, पण झाडातून पडणारा कवडसा खरा वाटतो. तो कवडसाही दिव्याचाच. मी नातीला टॉर्च घेऊन, आरशासमोर बसवून हे दाखवलं. तिला ते सिनेमापेक्षा जास्त आवडलं.

त्याच १९३६ साली आपल्या प्रभातचा 'संत तुकाराम' आला. त्याचे छायालेखक व्ही. अवधूत. तिथला उजेड निराळा, मोकळा, देहूच्या अंगणातला वाटावा असा. तुलना करून कोण मोठं हे ठरवायचं नाही मला. आपल्याकडे हातांनी कॅमेरा घडवणारे बाबूराव पेंटर कोल्हापुरात होऊन गेले होते, तंत्र काही परक्यांनीच आणलं असं नाही. पण शांताराम बापूसुद्धा 'सैरंध्री'च्या रंगांसाठी १९३३ मध्ये जर्मनीलाच गेले. फिल्म, भिंगं, रसायनं यांचं माहेर तेव्हा ते होतं, हे मान्य करायला हवं.

आणि मराठी माणसांचा बॉम्बे टॉकीजशी संबंध नव्हता असंही नाही. 'कंगन'ची नायिका लीला चिटणीस. धारवाडकडची, बी.ए. झालेली, मुलाबाळांची आई. देविकाराणीनंतर बॉम्बे टॉकीजला नायिका मिळाली ती ही. नंतर हिंदी सिनेमात आईच्या भूमिकेत आपण तिला इतकं पाहिलं, की ती कधी तरुण होती हेच विसरून गेलो. 'कंगन'मधली लीलाबाई ज्याच्या दिव्यात उजळली तो माणूस हाच.

'कंगन' १९३९ चा. सप्टेंबर १९३९ मध्ये काय झालं हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! ३ सप्टेंबरला इंग्लंडने युद्ध पुकारलं, व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कुणालाही न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं, पुढे काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. परिणाम लिहा, पाच गुण. त्या परिणामांत मालाडचा स्टुडिओ कधी आला नाही. देशात असलेले जर्मन एका रात्रीत शत्रू देशाचे नागरिक ठरले. बॉम्बे टॉकीजच्या जर्मन माणसांना इंग्रजांनी पकडून नेलं.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. ओस्टेन १९३६ मध्ये नाझी पक्षाचे सभासद झाले होते. 'अछूत कन्या' ज्या वर्षी काढला त्याच वर्षी. अस्पृश्यतेविरुद्ध सिनेमा काढणारा माणूस हिटलरच्या पक्षाचा सभासद कसा होतो, हे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. वर्गात असं कोणी विचारलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं? परदेशात राहणाऱ्या जर्मनांवर दडपण होतं, नोकरीधंद्यासाठी बरेच जण सभासद झाले, असं म्हणता येतं. तरी ते मनाला पुरत नाही. ओस्टेन वयस्कर होते, त्यांना १९४० मध्ये सोडलं आणि ते जर्मनीला निघून गेले. ते पुन्हा इथे आले नाहीत.

विर्शिंग मात्र युद्धभर स्थानबद्ध राहिले. पश्चिम हिंदुस्थानातल्या जर्मनांना पहिल्यांदा नेत अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. पहिल्या महायुद्धातही जर्मनांना तिथेच ठेवलं होतं, त्यामुळे व्यवस्था सरकारच्या ओळखीची. पुढे देवळाली, आणि १९४१ मध्ये डेहराडून. तिबेटात सात वर्षं काढलेला हाइनरिख हारर हा गिर्यारोहक याच वाटेने अहमदनगर, देवळाली करत डेहराडूनच्या तळावर गेला आणि तिथून १९४४ मध्ये पळाला. काही जर्मन कुटुंबांना साताऱ्याला आणि पुरंदरावर ठेवलं होतं. पुरंदर म्हटलं की माझ्यासारखीला मुरारबाजी आठवणार आणि १६६५ चा तह. तिथे युद्धकाळात जर्मन बायका-मुलं राहत होती हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळतं आहे. नगरचंही तसंच. किल्ल्यात नेहरूंनी 'भारताचा शोध' लिहिला हे प्रत्येक मुलाकडून घोकून घेतलं. नेहरूंना तिथे आणलं १९४२ मध्ये. त्याआधीच जर्मनांना त्या गावातून हलवलेलं होतं.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, हात उत्तम बसलेला असताना, एखाद्याचं काम असं सहा-सात वर्षं काढून घेतलं तर काय होत असेल? शिक्षकाला खडू नाही, गवंड्याला थापी नाही. पण मालाडला काम थांबलं नाही. राय यांचा मूळ हेतूच हा होता, की परदेशी माणसांच्या हाताखाली आपली माणसं तयार व्हावीत. ती झाली होती. राय स्वतः १९४० च्या मे महिन्यात गेले, पण स्टुडिओ चालत राहिला. त्या कॅमेरा विभागातल्या आर. डी. परीनजा यांनी 'बंधन', 'झूला' आणि १९४३ चा 'किस्मत' चित्रित केला, जो कलकत्त्याच्या रॉक्सीत तीन वर्षांहून जास्त चालला. दिलीपकुमारचा पहिला सिनेमा, १९४४ चा 'ज्वार भाटा', आर. डी. माथुर यांनी चित्रित केला. हेच माथुर पुढे 'मुघल-ए-आझम'चे कॅमेरामन. गुरुजी तुरुंगात आणि शाळा चालू, असं काहीसं ते होतं.

युद्ध संपलं. स्थानबद्ध जर्मनांपैकी बहुतेकांना जहाजात घालून परत पाठवलं. विर्शिंग इथेच राहिले. म्युनिक बाँबहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेलं, आणि मालाडचा स्टुडिओही पूर्वीचा राहिला नव्हता. शशधर मुखर्जी, अशोककुमार ही मंडळी भांडून बाहेर पडली होती आणि त्यांनी गोरेगावला फिल्मिस्तान काढलं होतं. देविकाराणी १९४५ मध्ये रशियन चित्रकार रोरिक यांच्याशी लग्न करून सिनेमा सोडून गेल्या होत्या. मग अशोककुमार आणि सावक वाच्छा यांनी परत येऊन बॉम्बे टॉकीज हातात घेतली. विर्शिंग पुन्हा कॅमेऱ्यामागे उभे राहिले. १९४८ चा 'जिद्दी', ज्याने देव आनंदचं नाव झालं, तो त्यांचाच. आणि १९४९ चा 'महल'.

'महल'बद्दल मी किती लिहू? कमाल अमरोहींचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट, संकलन बिमल रॉय यांचं, मधुबाला सोळा वर्षांची. वादळी रात्र, ओस पडलेला वाडा, भिंतीवर तसबीर, कुठून तरी येणारं गाणं आणि झोपाळ्यावर पाठमोरी एक बाई. आम्ही लहान असताना थोरली माणसं या सिनेमाचं नाव काढून आम्हाला घाबरवायची. आज बघताना भुताची भीती वाटत नाही, पण अंधाराकडे बघत राहावंसं वाटतं. काळा रंग किती प्रकारचा असतो ते त्यात कळतं. जिन्याचा काळा वेगळा, अशोककुमारच्या कोटाचा वेगळा, खिडकीबाहेरच्या रात्रीचा वेगळा. 'अछूत कन्या'तला उजेड फुलवणारा माणूस दहा-बारा वर्षांनी अंधार रंगवायला लागला. त्या सहा-सात वर्षांच्या कैदेचा याच्याशी काही संबंध आहे का? असं लिहिणं सोपं आहे आणि चांगलं दिसतं, पण मला ते पटत नाही. गोष्ट अंधाराची होती म्हणून त्याने अंधार दिला. कामाचा माणूस होता तो.

या सिनेमाच्या गाण्याने लताबाईंचं नाव घरोघर गेलं. पण सुरुवातीच्या तबकडीवर त्यांचं नाव नव्हतंच, नाव होतं 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या पात्राचं. लोकांनी रेडिओकडे विचारणा केली तेव्हा गाणारीचं नाव कळलं. गाणारीचं नाव लोकांनी निदान विचारलं तरी.

बॉम्बे टॉकीज १९५४ च्या 'बादबान'नंतर बंद पडली. विर्शिंग अमरोहींबरोबर राहिले. १९६० चा 'दिल अपना और प्रीत पराई', इस्पितळातली ती गोष्ट, मीनाकुमारी नर्स. त्याच्याही आधी, ५६ च्या सुमाराला, 'पाकीजा' सुरू झालेला होता. सुरुवात कृष्णधवल. मग रंगीत करायचं ठरलं, मग सिनेमास्कोप करायचं ठरलं. प्रत्येक वेळी दिव्यांचा सगळा हिशोब नव्याने. ज्याने आयुष्यभर काळ्या-पांढऱ्यात काम केलं त्याने पन्नाशी उलटल्यावर रंग हातात घेतले. कोठीच्या त्या गुलाबी, सोनेरी, हिरव्या रात्री आठवून पाहा. १९६४ मध्ये अमरोही आणि मीनाकुमारी वेगळे झाले आणि सिनेमा अर्धवट पडला. ११ जून १९६७ रोजी विर्शिंग मुंबईतच वारले. पुढच्या वर्षी संगीतकार गुलाम महंमद गेले. १९६९ मध्ये चित्रण पुन्हा सुरू झालं तेव्हा ज्याने त्या रंगांची घडी बसवली तो माणूसच नव्हता. उरलेलं काम दुसऱ्या कॅमेरामननी केलं. मीनाकुमारीचाही तोवर चेहरा बदललेला, प्रकृती ढासळलेली. आणि तरी सिनेमा बघताना कुठे जोड दिसत नाही, निदान माझ्यासारखीला नाही. टायटल्समध्ये नाव विर्शिंग यांचंच ठेवलं. 'पाकीजा'ला फिल्मफेअरचं पारितोषिक मिळालं ते कलादिग्दर्शनाचं, आपल्या एन. बी. कुलकर्णींना. गुलाम महंमद यांना डावललं म्हणून प्राणने स्वतःचं त्या वर्षीचं पारितोषिक नाकारलं होतं, हे पुष्कळांना आठवत असेल. कॅमेऱ्यासाठी तसं कुणी केल्याचं ऐकलं नाही.

तर १९७२ च्या त्या दुपारी पडद्यावर ज्याचं नाव ह्यांनी मला दाखवलं तो माणूस जाऊन पाच वर्षं झाली होती.

आता ह्यांना हे कुठून माहीत होतं? ह्यांना फोटोंचा नाद होता, हे नातेवाइकांना सांगायला नको. लग्नाआधी पगारातून घेतलेला आगफाचा क्लिक थ्री कॅमेरा, बारा फोटोंचा रोल. बारा म्हणजे बाराच, त्यामुळे प्रत्येक फोटोआधी आम्हाला उन्हाकडे तोंड करून, डोळे बारीक न करता, ताटकळत उभं राहावं लागे. मुलं वैतागायची. मीही. कॅमेऱ्याची पुस्तकं, मासिकं हे रद्दीवाल्याकडून आणायचे, त्यात कुठे तरी विर्शिंग वाचलेला असणार. विचारलं असतं तर सांगितलं असतं त्यांनी, तासभर सांगितलं असतं.

गेल्या दिवाळीनंतर हे गेले. तेराव्याला भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून सुनेने कपाटातले सगळे अल्बम काढले. नऊ अल्बम. माझे फोटो, मुलांचे, नणंदांचे, भाचरांच्या मुंजी, माथेरान, महाबळेश्वर, शाळेचं स्नेहसंमेलन, अगदी दाराशी येणारी भाकड गायसुद्धा. ह्यांचा एकही नाही. म्हणजे लग्नातले आहेत, ते फोटोवाल्याने काढलेले, त्यात मुंडावळ्या. नंतर नाहीच. कारण फोटो काढायला नेहमी हेच. शेवटी ओळखपत्रावरचा शिक्क्याचा फोटो मोठा करून आणला. शिक्क्याची एक कड डाव्या खांद्यावर अजून दिसते. पन्नास वर्षांत "द्या इकडे कॅमेरा, तुम्ही उभे राहा" असं मला एकदाही सुचलं नाही.

त्यानंतर रात्री झोप येईना म्हणून मी विर्शिंग यांच्याविषयी वाचायला लागले. मुलाने त्यांच्या फोटोंवरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक आणून दिलं. सिनेमाच्या चित्रणाबरोबरच विर्शिंग लायका कॅमेऱ्याने साधे फोटोही काढत. दोन शॉट्सच्या मधे बसलेली देविकाराणी, उन्हाचा चकचकीत फळा धरून उभे असलेले कामगार, रुळांवरून ढकलायची कॅमेऱ्याची गाडी. असे हजारो फोटो आणि निगेटिव्ह घरच्यांनी जपले, ते नातवाकडे राहिले. २०१७ च्या डिसेंबरमध्ये पणजीच्या सेरेंडिपिटी महोत्सवात अल्काझी फाउंडेशनने त्यांचं प्रदर्शन भरवलं. बॉम्बे टॉकीजचे कित्येक सिनेमे आता बघायला मिळत नाहीत, आणि त्यांच्या कामाचा पुरावा म्हणून हे फोटोच उरले आहेत. काही फोटोंत विर्शिंग स्वतः दिसतात, कॅमेऱ्याशेजारी उभे. म्हणजे कुणी तरी त्यांच्या हातून कॅमेरा घेऊन, "साहेब, आता तुम्ही" असं म्हटलं होतं.

बॉम्बे टॉकीजची ती जागा मालाड पश्चिमेला. स्टुडिओ बंद पडल्यावर तिथे लहान लहान कारखाने आले, पण लोक नाव तेच घेत राहिले, बॉम्बे टॉकीज कंपाउंड. तिथल्या रस्त्याला हिमांशू राय यांचं नाव आहे. आमच्या शाळेचे स्पर्धांचे बिल्ले मी १९८६-८७ पासून कितीतरी वर्षं तिथल्याच एका कारखान्यात करून घेत असे. मशीनचा खडखडाट, पत्र्याचे तुकडे, तेलाचा वास. एकदा पाऊस आला म्हणून एका जुन्या उंच भिंतीच्या आडोशाला अर्धा तास उभी होते. ती भिंत कसली, कारखान्याला इतकं उंच छप्पर कशाला, असा प्रश्न पडला नाही. घरी आल्यावर ह्यांना सांगितलं, कंपाउंडात भिजले म्हणून. हे म्हणाले, "अगं, तिथेच तर..." आणि कुकरची शिट्टी झाली, मी आत गेले. हे वाक्य पुढे काय होतं ते आता मी ओळखू शकते.

घरात ह्यांच्या निगेटिव्हच्या पट्ट्या बिस्किटांच्या दोन डब्यांत आहेत. भाचा त्या संगणकावर घालून देतो आहे, निम्म्या झाल्या. काल त्याने एक पाठवली. महाबळेश्वर, १९७९ चं असावं. मी आणि दोन्ही मुलं गवतावर बसलो आहोत आणि पुढच्या गवतावर एक लांब सावली पडली आहे. कोपर बाहेर, मान खाली, पोटाशी धरलेल्या कॅमेऱ्यात बघणारा माणूस. हा फोटो अल्बममध्ये लावलेला नव्हता. सावली आल्यामुळे बिघडला म्हणून ह्यांनीच बाजूला ठेवला असणार. तो आता मी मोठा करून घेणार आहे.

जाता जाता नातेवाइकांना एक विनंती. १९७८ चं नाशिकचं लग्न, १९८४ ची ठाण्याची मुंज, आणि गणपतीत आपल्याकडे जमलेली मंडळी, यांत तुमच्यापैकी कोणी कॅमेरा आणलेला असेल तर घरचे जुने अल्बम एकदा चाळून बघा. मागे उभे असतील, अर्धवट दिसत असतील, तरी चालेल. मिळाला तर पाठवा. आणि पाठवताना तो फोटो कोणी काढला तेही लिहा.